अठ्ठ्याऐंशी आणि ब्याण्णव

मास्तरांनी फळीची कड सातव्यांदा रंधली, ती दुसऱ्या फळीच्या कडेला भिडवली आणि दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरल्या. मधल्या फटीतून अंगणातला नळ स्वच्छ दिसत होता.

मास्तर म्हणजे भूमितीचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना काटकोन शिकवला आणि निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत सुतारकाम मांडलं. दोन वर्षांत त्या खोलीतून एकच स्टूल बाहेर पडलं होतं आणि त्यावर बसायची अजून कोणाची छाती झाली नव्हती. इकडे त्यांच्या बायकोचं शिवणकाम जोरात चाललेलं. पण जागा नाही, म्हणून ती बिचारी जमिनीवर वाकून कापड कापायची. शेवटी दोघांत ठरलं. रविवारी तिचा दादा जेवायला येणार होता. त्या दिवशी मास्तरांनी केलेल्या टेबलावर ताटं मांडली गेली, तर खोली मास्तरांची. नाही तर सगळी हत्यारं माळ्यावर आणि खोलीत शिलाई मशीन. दादाचं फर्निचरचं दुकान असल्यामुळे पंचही तोच.

टेबलाचे पाय तयार होते. घोडं पेंड खात होतं ते वरच्या भागापाशी. तीन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या, एवढंच. पण त्यासाठी प्रत्येक कड काटकोनात हवी, आणि मास्तरांचा हात रंधा धरला की डावीकडे कलायचा.

गुरुवारी त्यांनी फटीत डिंक ओतला आणि क्लॅम्प करकचून आवळले. "आवळलं की सगळं सरळ येतं," असं ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. शुक्रवारी क्लॅम्प सोडले, तर टेबल मधोमध फुगलेलं. बायकोने त्यावर एक लिंबू ठेवलं. ते कोणाचीही वाट न बघता गडगडत कपाटाखाली गेलं. मग सांध्यांवरून करवत फिरवणं आलं, पुन्हा रंधणं आलं. छत्तीस इंच रुंदीचं टेबल तेहेतिसावर आलं आणि शनिवारी दुपारी एकतिसावर.

"अहो, असंच चाललं तर उद्या दादाला फूटपट्टीवर वाढावं लागेल," बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात कात्री होती.

"कोन चुकतोय गं. अठ्ठ्याऐंशी अंश येतो. दर वेळी अठ्ठ्याऐंशीच!"

"पण तुम्ही एकेक फळी वेगळी का घासताय?"

"मग कशी घासू?"

"मी दोन बाह्या कधी वेगवेगळ्या कापते का? एकीवर एक ठेवायची आणि कात्री एकदाच चालवायची."

"बाहीत आणि फळीत फरक आहे."

"आहे ना. माझ्या बाह्या जुळतात."

मास्तरांनी दोन फळ्या एकमेकींना चिकटून उभ्या केल्या आणि क्लॅम्प उचलला.

"थांबा, सुलट बाजूवर सुलट बाजू येऊ दे. नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतील."

"अगं, पण माझा रंधा कलणारच!"

"कलू दे की. दोघींवर सारखाच कलेल."

रंधा कललाच. मास्तरांनी क्लॅम्प सोडला, दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडल्या, कडेला कड भिडवली आणि उजेडासमोर धरल्या. नळ दिसेना. अंगणच दिसेना. मास्तर असे ओरडले, की शेजारीण कुंपणापाशी धावत आली.

"ब्याण्णव! अगं, दुसरीचा ब्याण्णव! एकीचा दोनाने कमी, तर दुसरीचा दोनाने जास्त! बेरीज एकशेऐंशी! सरळ रेषा!"

हा नियम त्यांनी हजारो पोरांकडून घोकून घेतला होता. त्यांना स्वतःला तो आज पहिल्यांदा पटला. दुसरा सांधाही तसाच रंधला, संध्याकाळी डिंक लावला, आणि रविवारी सकाळी टेबल आपल्या चार पायांवर उभं राहिलं.

दादाने आल्या आल्या टेबलावरून तळवा फिरवला. मग नख फिरवलं. मग चष्मा लावून वाकून पाहिलं.

"जावईबापू, सांधे कुठे आहेत?"

"शोधा," मास्तर म्हणाले. एवढा आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

दादाने हात टेकले. "माझ्या दुकानात असं एक नाही. खोली तुमची!"

जेवणं झाली. मास्तर तृप्त होऊन बसले होते, तेवढ्यात त्यांच्या मनात एक शंका आली. "अगं, तू काल गप्प बसली असतीस तर खोली तुला मिळाली असती."

"खोली घेऊन काय करू?" बायकोने ताटं उचलली, टेबल कोरडं पुसलं आणि त्यावर सात मीटर निळं कापड धाडकन उलगडलं. "मला कापडाखाली सपाट जागा हवी होती. आणि रुंदी तीस इंच तरी हवी. काल तुम्ही एकतिसावर आलात, तेव्हा म्हटलं, आता बोललंच पाहिजे."

मास्तर कापडाकडे बघत राहिले. "मग रात्री जेवायचं कुठे?"

"दुसरं टेबल करा की," खडूने पहिली रेघ ओढत बायको म्हणाली. "खोली आहे ना तुमच्याकडे!"