कूलरमधून दिलेली परवानगी

परभणीच्या जूनमध्ये माणसानं कूलर चालू असताना कोणताही निर्णय घेऊ नये. मी घेतला.

झालं असं, की पंप बंद पडला होता आणि पंखा विमानासारखा घोंघावत होता. (पंखा बंद करून पंप बघावा, एवढं सुचलं असतं तर मी एव्हाना हेडक्लार्क झालो असतो.) टाकीत डोकं खुपसून बसलो होतो. तेवढ्यात नुकतीच बारावी झालेली माझी मुलगी कोकिळा मागं येऊन काहीतरी विचारायला लागली. मला फक्त 'कोर' आणि 'अर्ज करू का' एवढं ऐकू आलं.

परभणीच्या माणसाला 'कोर' म्हटलं की पुढं 'डवाहू'च सुचतं. कृषी विद्यापीठ घरापासून सायकलच्या टप्प्यात. पोरगी कोरडवाहू शेती शिकणार म्हणून मला बरंच वाटलं.

"कर की," मी म्हणालो.

"एक वर्षाचं घेऊ का पदवीचं?"

"एका वर्षात काय येतंय? पदवीचंच घे."

मग मी ही बातमी ऑफिसात सांगितली, गल्लीत सांगितली, मानवतच्या सासऱ्यांनाही कळवली. जुलैत सासरे व्यंकटराव एसटीनं हजर. पिशवीत शेतातलं भलंमोठं ढेकूळ.

"कोकिळे, ह्या मातीत तूर घ्यावी का कापूस? तुझ्या विद्यापीठाला विचारून सांग."

"आजोबा, मला मातीतलं काय कळतंय? मी दिल्लीला कोरियन भाषा शिकायला जायलेय. प्रवेश पण मिळालाय. बाबांनीच हो म्हणलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ढेकळाकडं बघितलं.

"मला तर तुमी कोरडवाहू सांगितलं," बायको सुमन म्हणाली.

"मला तसंच ऐकू आलं."

कोकिळेचा चेहरा उतरला. "म्हणजे जायचं न्हाई का?" ती हळूच म्हणाली. "गेल्या साली टीव्हीवर कोरियातलं ऑलिंपिक लागलं तवा तुमी सगळे पळणारे बघत होता. मी मागच्या पाट्यांवरची अक्षरं बघत होते. तवापासून ठरवलंय."

सासऱ्यांनी ढेकूळ या हातातून त्या हातात घेतलं.

"तिकडं शेती हाय का?"

"हाय. भात लावतात."

"मग माणसं बरी असतील. जाऊ द्या तिला. शिकायला जायलीय, पळून न्हाई."

मी परवानगी देण्यासाठी घसा साफ केला.

"तुमचं देऊन झालंय," सुमन म्हणाली.

दिल्लीला पोचवायला कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा मी बॅग काढायला उठलो. सुमननं मला खाली बसवलं. "तुमी नका. मनमाडला गाडी बदलायचीय. तुमाला भलतंच ऐकू यायचं आन् पोरगी मद्रासला उतरायची." शेवटी सासरे निघाले.

स्टेशनवर गाडी हलली. कोकिळा खिडकीतून हात हलवत काहीतरी ओरडून सांगत होती. मी मान डोलावली, डोळे पुसले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.

"काय म्हणाली हो?" सुमननं विचारलं.

"म्हणाली, बाबा, तब्येतीला जपा."

"ती म्हणाली," सुमन शांतपणे म्हणाली, "पाण्याचा तांब्या तुमच्याच हातात राहिलाय."