तांबट गल्लीतला शेवटचा कंदील

आमच्या घरावरचा आकाशकंदील उतरला नाही म्हणून वसंत ऋतू तीन आठवडे तांबट गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ बसून होता. नियम जुना आहे. दिवाळीचा शेवटचा कंदील उतरल्याशिवाय तो गल्लीत येत नाही, आणि ज्यानं टांगला त्यानंच कंदील उतरवायचा असतो.

आमचा कंदील ऋतू कचेरीच्या वहीत भानुदासच्या नावावर होता. भानुदास माझा थोरला भाऊ. देवदिवाळीला उतरवू म्हणता म्हणता तो आजारी पडला आणि पौषात गेला.

शेजारच्या गल्लीत आंब्याला कैऱ्या धरल्या. आमच्या आंब्याला मोहोर नाही, भर दुपारी बायका शाल पांघरून बसलेल्या. समोरच्या पार्वताक्कांनी कुरडयांसाठी तीनदा गहू भिजवले आणि ऊन नाही म्हणून तीनदा आंबलेला चीक गटारात ओतला. चौथ्या खेपेला त्यांनी मला दारात अडवलं.

"रंगा, तुझ्या दुःखाला मी काही म्हणत नाही. पण माझी लेक परवा येतीय. तिला काय, शाल देऊ?"

मी सहाव्यांदा कचेरीत गेलो. कारकून कुलथे यांनी वही उघडून तेच सांगितलं, टांगणाऱ्याला हजर करा. मी सहाव्यांदा मृत्यूचा दाखला पुढे केला. ते सहाव्यांदा हळहळले आणि म्हणाले, यावरून गैरहजेरीचं कारण कळतं, कंदील उतरल्याचं कळत नाही. मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी चहाचा कप बाजूला घेतला.

"गाठ कुणी मारली होती?"

"मी."

"मग नाव त्याचं कसं?"

"लिहायचं म्हटलं की माझा हात अडतो. सही त्यानं केली."

कुलथ्यांनी चष्मा काढला. "सहा खेपा घातल्यास. हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कंदील उतरला असता."

त्यांनी चष्मा पुन्हा लावून वही जवळ ओढली. मग शिडी होती का, म्हणून विचारलं. नव्हती. मी दादाच्या खांद्यांवर उभा होतो. त्यांनी नोंद दुरुस्त केली: हात रंगनाथ, खांदे भानुदास. हात हजर होते. खांदे बदली चालतील, पण माणूस गल्लीतला नको. गिरणीजवळ सध्या कोण रिकामं बसलंय, असं त्यांनी विचारलं आणि वसंताच्या नावे अर्ध्या तासाचा परवाना फाडला, कामापुरता.

वसंत आला. कपड्यांवरचं पीठ झटकून आमच्या दाराशी उकिडवा बसला. घण मारून मारून दादाचे खांदे रुंद झाले होते. याचे अरुंद होते, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं.

"असतील," तो म्हणाला. "चढ."

गाठ सुटेना. टांगताना दादा खालून ओरडला होता, घट्ट मार, वाऱ्यानं जाईल. मी मारली होती. शेवटी दातांनी सोडवली.

कंदील घेऊन खाली आलो तर पार्वताक्कांनी बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलंही होतं. आईनं कंदील माझ्या हातातून घेतला, दादाच्या सदऱ्याच्या खुंटीला अडकवला आणि वसंताला पाणी दिलं.

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही.