शुभ्र मंडुकाची हकीकत

श्री मत्स्य, कूर्म, वराह साक्ष असोत. दफ्तरी नोंद ऐशी: थोरल्या हत्तिणीस जुलाब. सड्यावर पाणी साठले. चिऱ्याचे गाडे भाड्याने ठरले. घुमट पाच की सात, याचा वाद. बरणीचे झाकण घट्ट आहे.

शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, मास श्रावण, ते समयी राज्यात प्राणिविद्येचे थोर प्रस्थ जाहले, आणि महाराजांचे चित्ती आले की, प्राण्यांच्या अभ्यासास ऐसे मंदिर उठवावे की शेजारच्या राजांनी तोंडात बोटे घालावी, आणि मग जागा पाहता कारभाऱ्यांस शहराबाहेरचा सडा, म्हणजे उघडा कातळ, पसंत पडला. परंतु सड्यावर तळे होते आणि तळ्यात मंडूक होता, आणि थोरल्या महाराजांनी पूर्वी अभय दिले होते की, शुभ्र मंडूक येथे नांदतो तोवर कोणी कुदळ लावू नये. आता शुभ्र कैसा, तर थोरल्या महाराजांचे वेळी कोणी तो धरून मद्यार्काच्या बरणीत घातला, आणि बरणी कचेऱ्यांतून रखडत वर्षाने दरबारी पोचली, आणि पंडितांनी काचेतून पाहून वर्ण शुभ्र ठरविला. तळ्यापर्यंत चालण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. जीवशाळेत बेडकांच्या जाणकार द्वारकाबाई चौबळ म्हणून होत्या, त्यांनी मात्र कैक पावसाळे त्या तळ्याकाठी काढिले, आणि त्यांस पक्के ठाऊक की जिवंत बेडूक हळदीसारखा पिवळा, पाठीवर काळे ठिपके, आणि मद्यार्कात पडला की रंग उतरतो. मग मुख्य प्राणिपंडित नरहरपंत आठल्ये पालखीतून चौकशीस आले, मांडीवर ती जुनी बरणी, आणि बाईंनी तळ्यातला बेडूक तळहातावर धरून पुढे केला.

"हा तर पिवळा," पंत बोलिले.

"जिवंत आहे म्हणून पिवळा आहे, पंत."

"अभय शुभ्रास आहे. पिवळ्यास नाही."

"अहो, मद्यार्कात रंग विरतो! तुमची ही लाल पगडी बुडवून ठेवा बरणीत. दिवाळीला घरचेसुद्धा ओळखायचे नाहीत."

भोई फिसकन हसले आणि पंतांनी डोळे वटारले, आणि मग म्हणाले, "पगडी राहू द्या. मंडूक घाला. दिवाळीस शुभ्र निघाला तर तुमचे खरे."

बाईंचे डोके तडकले. इतकी वर्षे ज्यांच्या अंड्यांवर पाय पडू नये म्हणून त्या काठाकाठाने चालल्या, त्यांतलाच एक आपल्या हाताने मारायचा, आणि तो कशासाठी, तर पालखीतून उतरायला नको अशा माणसाची खात्री पटावी म्हणून! परंतु नाही म्हणावे तर उद्याच कुदळ लागते, आणि एक गेल्याने बाकीचे वाचतात, ऐसा विचार करून बाईंनी तो बेडूक बरणीत सोडिला, आणि तो हलायचा थांबेतो बरणी हातात धरून उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दिवाळीस भर दरबारी बरणी उघडली, तो मंडूक पांढराफटक. बाई म्हणाल्या, "आता बोला, पंत." आणि पंतांनी एक शब्द वाद घातला नाही, उलट उठून हात जोडिले आणि म्हणाले, "बाई, तुमचे खरे. हा तोच." दरबारात वाहवा जाहली आणि बाईंच्या खांद्यावर शाल पडली, आणि बाईंनी डोळे मिटून सुटकेचा श्वास घेतला. मग पंत महाराजांकडे वळोन बोलिले, "सरकार, पूर्वी एकच बरणी होती, ती फुटती तर वंश बुडता. बाईंच्या कृपेने आता दोन जाहल्या. अभयाचा हेतू इतकाच की, शुभ्र मंडूक येथे नांदावा, आणि कुदळीची मनाई त्याच्याचसाठी. मंदिर येथेच उठेल, बरण्या घुमटाखाली राहतील, ऊन नाही की पाऊस नाही. तळ्याचे काम काय?"

"अहो, तो मेला आहे!" बाई ओरडल्या. "मीच मारलाय तो!"

"म्हणूनच शुभ्र आहे," पंत म्हणाले.

महाराजांनी मान डोलविली. बाईंनी शाल तेथेच भिरकाविली आणि धावत सडा गाठला आणि घोटाभर उरलेल्या पाण्यात जाऊन उभ्या ठाकल्या. काठी चिऱ्याचे गाडे येऊन उभे होते, त्यांचा गाडीवान काकुळतीने म्हणाला, "बाई, सरा हो. चिरा पडंल अंगावर." बाई म्हणाल्या, "पडू दे. तुझ्या पंताला सांग, मलाही घाल म्हणावं बरणीत." मग शिपायांनी त्यांस दंडांस धरून उचलले आणि काठाबाहेर ठेविले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडे तळ्यात रिते जाहले.

सारांश, मंदिर उठले, घुमट सात ठरले, पंतांस नवी पालखी मिळाली. दुसऱ्या बरणीवर द्वारकाबाईंचे नाव लाविले आहे. ते पुसावे म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केला, दरबाराने तो विनय समजून नाव सोन्याने गिरविले. ज्यांनी हे केले ते सुखात आहेत, आणि लिहिणाराच्या तोंडी त्यांच्यासाठी चांगला शब्द नाही.

त्या श्रावणात, पंतांची पालखी येण्याच्या आदल्या सांजेस, तळ्याकाठी बेडूक इतके ओरडत होते की बाईंस स्वतःचे बोलणे ऐकू येत नव्हते.