हरणाऱ्याचं केळं

पिंप्राळ्यात आमच्या घराखालीच नानांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि तिथला कायदा जगावेगळा होता. जिंकणाऱ्याला काही नाही, हरणाऱ्याला केळं.

नाना मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. मी विचारलं, नाना, हा काय उफराटा कारभार? तर म्हणाले, "जिंकेल मानोस घर जाईसन सांगस. हारेलले कोन इचारस?"

व्हायचं तेच झालं. कॉलनीतली कार्टी नाणं टाकायची, विमान सरळ डोंगरावर आदळायची आणि हात पुढे करायची. नाना कपाळावर हात मारायचे, मेल्या, जरा तरी लढ म्हणायचे आणि केळं द्यायचेच. केळी फुकटची होती म्हणा. असोद्याच्या सासरवाडीहून नेमाने घड यायचा.

मग समोरच एकाने मशीनं मांडली. तिथे दिवसाचा सगळ्यात मोठा स्कोअर करील त्याला रंगीत टोपी. झालं! अख्खी कॉलनी रस्त्यापलीकडे. मी नानांना शहाणपण शिकवलं, तुम्हीही टोपी ठेवा. नानांनी केळ्यांचा नवा घड दोरीला टांगला.

दुकानात चिटपाखरू फिरकेना. एकदा मी डोकावलो तर नाना स्वतःच खेळत होते. विमान पडलं. त्यांनी गपचूप एक केळं सोललं. मला हसूच फुटलं. पण दोरीला टांगलेला घड जवळजवळ तसाच होता, काळा पडत चाललेला.

माझी नजर तिकडे गेलेली पाहून नाना म्हणाले, "तुनी काकू गई, तरी मेहुना दोन्हीसना घड धाडस. मी एकला. कसा सरी?"

दोघांचा घड आणि खाणारा एकटा. मी नाणं टाकलं, मनापासून हरलो आणि केळं खाल्लं.

टोपीचं कसं आहे, ती एकालाच मिळते. रोज तोच एक तरबेज पोरगा ती घेऊन जायला लागला. बाकीचे हिरमुसून बाहेर पडायचे, तर समोर नानांची केळी. हळूहळू सगळे परत आले. शेवटी एका संध्याकाळी समोरचा टोपीवाला दुकानदारही आला. गिऱ्हाईक उरलं नाही, दुकान बंद करतोय म्हणाला.

नानांनी स्टूल पुढे सरकवलं. "हारना का, भाऊ? बठ आठे."

घडातलं शेवटचं केळं सोलून त्याच्या हातात दिलं. आणि मग लग्नघरातल्या यजमानासारखे खूश होऊन, रिकामा दांडा उंच धरून मला दाखवला.

"देख, बठ्ठा सरना!"