शमीमबाईंची चौकशी

कोरपन्यात ती गोळी मागायला आलेला माणूस आधी खोकतो. मग शमीमबाई त्याच्यापुढे खोकल्याची बाटली ठेवतात. तो मान हलवतो, मागे पाहतो आणि हळूच म्हणतो, "ते... ताकदीचं."

"चिठ्ठी आहे डॉक्टरची? छातीत दुखते? जिभेखाली ठेवाची गोळी घेता? शुगर?"

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या मेडिकलला लागून. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे ही चौकशी मला पाठ झाली आहे. "लाज घरी ठेवून या, बिमारी इथी सांगा," असं त्या प्रत्येकाला सुनावतात.

एका गुरुजींनी चिठ्ठी देऊन विचारलं, "जेनेरिक सस्ती आहे. काम करन का?"

बाईंनी शाळाच भरवली. "ही गोळी पहिल्यांदा तपासली तवा काहीजणांले खरी गोळी देली, काहींले खोटी. कोणाले कोणती, देणाऱ्यालेही माहीत नव्हतं. खरीवाल्यांत जास्त लोकांले फरक पडला, पण सगळ्यांले नाई. जेनेरिकमंदी दवा तीच. रक्तात तेवढीच उतरते का, हे पाहूनच परवानगी भेटते."

गुरुजी पिशवी तोंडासमोर धरून निघून गेले.

मागच्या वर्षी एका खेड्यातली बाई आली. कापूस वेचून थेट आली होती. म्हणाली, "नवरा दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून झोपते. दुसरी ठेवली असन."

"शुगर आहे त्याले?"

"आहे."

शमीमबाई काउंटरबाहेर येऊन तिच्या शेजारी बसल्या. "शुगरनं बी असं होते, पोरी. तू नकोशी झाली असं काऊन समजते? दोघं मिळून डॉक्टरकडं जा. उपाय आहे."

ती गेली, तरी बाई उठल्या नाहीत. मी डोकावलो.

"माह्या पोरीचे, रुबीनाचे अब्बा बी असेच झोपत, भाऊ," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सं. शुगरची गोळी मीच द्याची. मले वाटे, मीच आवडत नाई आता. मीही बोलली नाई. ते गेल्यावर पेटीत बाजारातल्या तंबूवाल्या वैदूच्या ताकदीच्या पुड्या सापडल्या."

मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो.

"घरात मेडिकल, अन् माणूस तंबूत गेला. अख्ख्या गावाले विचारलं मी. त्याले एकदा बी नाई विचारलं."

मी पाणी आणून दिलं. ग्लास मांडीवर धरून त्या तशाच बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं, तेव्हा मीच म्हटलं, "थोड्या वेळानं या."