पाळण्यातलं विरजण

सोपानकाका काचेच्या चंबूला पाळण्यात घालून झोके द्यायचे. आत पोर नव्हतं, केशरी पाणी होतं. गल्लीत नवा आलेला माणूस हौसेनं पाळण्यात डोकावायचा आणि मग घाईघाईनं चहा पिऊन जायचा.

काका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या मळीवर वाढणारे, अंगात केशरी रंग भरणारे जिवाणू त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत जोपासले होते. मिठाईला दुकानी रंग कशाला, तो आपल्याच कारखान्यात पिकेल, असं भेटेल त्याला सांगत. जिवाणू हा शब्द मात्र त्यांना रुक्ष वाटे. ते 'आमचं विरजण' म्हणत.

मग दुष्काळ पडला. ऊस नाही म्हणून कारखाना बंद. काकांनी विरजण घरी आणलं. त्याला हवा मिळायची तर चंबू सारखा हलता हवा. कारखान्यात त्यासाठी यंत्र होतं, घरी पाळणा. तो काकूंच्या माहेराहून आलेला आणि इतकी वर्षं माळ्यावरच राहिलेला. दुपारी दोरी काकूंच्या हातात असे. गुळाचं पाणी त्याच पाजत, आणि हलकंसं काही गुणगुणत. मी शाळामास्तर, इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, तरी मला त्यांचा गळा ठाऊक नव्हता. आता दोघंही नाहीत. दुपार झाली की माझा कान अजून त्या भिंतीकडे जातो.

टँकरपाशी बाया विचारायच्या, "काका, पाचवी पुजली का न्हाई?"

"पुजली की. कारखाना लागला की बारसं हाय, समद्यांनी या."

टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असे. काका ते उघड्यावर ठेवून, वास गेल्यावरच विरजणाला देत. एकदा ते कारखान्याची चौकशी करायला परळीला गेले. उन्हानं चंबूतलं पाणी आटलेलं दिसलं, म्हणून काकूंनी मायेनं टँकरचं ताजं पाणी गूळ घालून ओतलं.

दुसऱ्या सकाळी मी गेलो, तर काका चंबू उजेडात धरून बसलेले. केशरी जाऊन ताकाची निवळी झाली होती. काकू मागं भांडी घासत होत्या.

"मेलं, सर," काका हळूच म्हणाले.

दुसरीकडे थोडं ठेवलंय का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "हलवायाकडून रंगाची पुडी आणा. जिलबीचा चालंल."

कशाला, मी विचारलं.

"तिनं पाजलंय ते पाणी. तिला कळाया नको."

दुपारी काकूंनी दोरी धरली. "आज रंग लई खुललाय," त्या म्हणाल्या.

"तुझ्या हातचं प्यालंय," काका म्हणाले.