चुडामण आबांचं निर्दोष रक्त

रक्त ही माणसाची खाजगी वस्तू नसून भावकीची सामाईक मालमत्ता आहे. ते ज्याच्या अंगात असतं, त्याच्याकडे फक्त सांभाळायला दिलेलं असतं.

आमचे काका चुडामण आबा यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा पारोळ्यातली भावकी शांत होती. (कॅन्सर काय, कोणालाही होतो.) पण धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गाठीतला जनुकीय बदल शोधायचं ठरवलं. बदल नसेल तर एक इंजेक्शन लागू पडू शकतं. असेल तर ते वाया जातं, दुसरं औषध द्यावं लागतं. हा बदल गाठीपुरता असतो, घराण्यात उतरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही दोन्ही वेळा मान डोलावली.

त्याच रविवारी बैठक भरली. सतरापैकी चौदा घरं हजर. ‘जनुकीय’ हा शब्द ऐकलेले अकरा, अर्थ ठाऊक असलेले शून्य, अर्थ समजावून सांगणारे नऊ. थोरले म्हणून कौतिक नानांनी मुद्दा मांडला: आबांची नात नूतन हिचं अमळनेरचं स्थळ जमत आलंय, आणि कागदावर रक्तात दोष निघाला तर भावकीतल्या तेवीस मुली बसून राहतील. नूतन बी.एस्सी. आहे. दोष गाठीचा आहे, घराण्याचा नाही, आणि आजोबांच्या जिवावर मला लग्न नको, असं ती म्हणाली. नवरीने स्वतःच्या लग्नाबद्दल बोलायची पद्धत नसल्याने ते कोणी ऐकलं नाही.

आबांचं रक्त तपासायचंच, पण चांगलं तपासायचं, असं एकमताने ठरलं. पुतण्या म्हणून निवड माझी, म्हणजे नवीनची, झाली. लॅबच्या बाई घरी आल्या तेव्हा आबा आतल्या खोलीत झोपले होते आणि मी ओट्यावर चुडामण म्हणून बसलो होतो. कागदावर वय अडुसष्ट, माझं चौतीस. बाईंनी दोनदा निरखून पाहिलं आणि तब्येत छान राखलीय म्हणाल्या.

रिपोर्ट आला: बदल आढळला नाही. पेढे वाटले. आबांनीही अर्धा खाल्ला. अमळनेरकरांनी झेरॉक्स नेली आणि तारीख धरली.

मग ते इंजेक्शन सुरू झालं. आबांच्या अंगभर पुरळ उठलं (औषध लागू पडल्याची खूण, असं वरच्या नऊपैकी सहा जण म्हणाले) आणि गाठ वाढत गेली. डॉक्टर बराच वेळ रिपोर्टकडे बघत बसले. पुन्हा रक्त पाठवू म्हणाले. नानांनी लग्नानंतरची तारीख मागून घेतली.

परवा आबांनी मला जवळ बसवलं. आपल्या हाताला त्या तपासणीची सुई लागलीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

“नवीन, बठ्ठास्नं रगत चांगलं शे. मंग मरी कोन ऱ्हायना?”

सगळ्यांचंच रक्त चांगलं, तर मग मरतंय कोण, हे ऐकून मला फार लाज वाटली. मी त्यांचे पाय चेपले. डॉक्टरांना फोन मात्र केला नाही. लग्नाला अजून सोळा दिवस आहेत.

तुम्हाला माझा राग आला असेल, तो रास्तच आहे. आता असं समजा की तुम्ही तुमच्या मुलासाठी नूतनला बघायला आलात, आणि मी आबांचा खरा रिपोर्ट तुमच्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं तुम्हाला तिसऱ्यांदाही सांगितलं. तुम्ही मान डोलवाल. पोहे छान झालेत म्हणाल. आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणत चपला घालाल.